पोपडा जपून ठेवा

जुनी गाडी हप्त्यावर घेऊन तिच्या रंगाबद्दल दाद मागू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी

पायरी पहिली : फसणे

दाद मागायची तर आधी नीट फसावं लागतं. बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका ही पायरी गाळून थेट तक्रार अर्जावर येतात आणि मग अर्जात काय लिहावं ते वाचकाला सुचत नाही. म्हणून आपण मुळापासून सुरुवात करू.

शेलूबाजार हे या कामाला सोयीचं गाव आहे. चौकात उभं राहिलं की एकीकडं कारंजा, एकीकडं मालेगाव, एकीकडं मंगरूळपीर, एकीकडं अकोला. फसायला कुठंही जाता येतं. त्यात 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, गावाजवळ इंटरचेंज आला, आणि त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी. मोटारसायकलवर समाधानी असलेला माणूस पुलाखालून जाता जाता वर बघू लागला की त्याच्या घरात चारचाकीचा विषय निघालाच समजा. आमच्याकडं तो पोळ्याला निघाला. सोयाबीन विकून झालं आणि दिवाळीच्या आत माझ्या खिशात टोकनची पावती होती.

गाडी बघायला संध्याकाळी जावं. दुपारच्या उन्हात रंगाला खोटं बोलता येत नाही. ट्यूबलाइटखाली येतं. गाडी नुकतीच धुतलेली असावी, अंगावर पाण्याचे थेंब असावेत. ओला पत्रा कुणाचाही चांगला दिसतो. सोबत असे पाहुणे न्यावेत ज्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण जेवायची घाई आहे. माझ्यासोबत साडू होते. त्यांनी टायरला लाथ मारली, आरशात बघून भांग सारखा केला आणि म्हणाले, "घेऊन टाका."

विकणारा बोलका असावा. आमचा होता. "डॉक्टरची गाडी हाय, भाऊ. घरीच उभी राहे. कलर पाहा तुम्ही, कंपनीचा कलर हाय. हात नाही लागला." आमच्या भागात विक्रीला येणाऱ्या प्रत्येक गाडीचा पहिला मालक डॉक्टर असतो. एवढ्या गाड्या नुसत्या घरी उभ्या ठेवून ही मंडळी दवाखान्यात जातात कशी, हा प्रश्न मला पुढं पडला. त्या वेळी मी फक्त मान हलवली. मान हलवण्याऐवजी "हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा" म्हणालो असतो तर ही मार्गदर्शिका अर्ध्या पानात संपली असती. सुदैवानं जाहिरात त्यानं पाठवलेली होती : "सिंगल ओनर, नॉन अ‍ॅक्सिडेंटल, ओरिजिनल पेंट." तो मेसेज मी पुसला नव्हता. माझ्या हातून झालेली शहाणपणाची ती एकच गोष्ट, आणि तीही आळसानं झालेली.

व्यवहार 3,85,000 रुपयांचा. 1,10,000 आपले, 2,75,000 कर्ज, छत्तीस हप्ते, दर पाच तारखेला 9,669. कर्जाच्या कागदांवर मी सव्वीस ठिकाणी सह्या केल्या. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जाचा गोषवारा द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2024 पासून घातलं आहे. तो मला मिळाला आणि मी वाचलासुद्धा. त्यात व्याज होतं, प्रोसेसिंग फी होती, उशिराचा दंड होता. रंगाविषयी एक अक्षर नव्हतं. पैसे देणाऱ्याला चेसिस नंबर पुरतो. ताबा पावतीवर मात्र एक ओळ होती : "गाडी जशी आहे तशी पसंत करून घेतली." सत्ताविसावी सही तिच्याखाली.

पायरी दुसरी : ही खरं तर पहिलीच्या आधी करायची असते

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवल्याएवढे. एवढ्याशा जाडीत गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट असं सगळं बसलेलं असतं. गाडी ठोकली, परत रंगवली, की आकडा 200 च्या पुढं जातो. खाली पुट्टी भरली असेल तर 500, कधी 1,000 च्याही वर. हे मोजायचं यंत्र खिशात मावतं. ते लोखंडी पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवावं. पुट्टी आली की ते नाखुशीनं चिकटतं किंवा घसरून खाली येतं. चुंबकही नसेल तर बोटाचं पेर आहेच. पत्रा टण्ण वाजतो, पुट्टी ठप्प. आपण बाजारात टरबूज वाजवून घेतो, भाव करून घेतो, वरून एक फोड कापायला लावतो. पावणेचार लाखांच्या गाडीला हात लावायचा मात्र संकोच वाटतो.

दाराच्या कडेचं रबर जरा उचलून बघावं. खाली रंगाची धूळ बसलेली दिसली तर कुणीतरी रबर न काढताच फवारा मारला आहे. आणि पत्र्यावर तिरप्या नजरेनं बघावं. हलक्या हातानं मारलेल्या रंगावर बारीक खड्डे दिसतात. पेंटर लोक त्याला संत्र्याची साल म्हणतात. ही खूण वऱ्हाडातल्या माणसाला सांगावी लागू नये, आमच्याकडं बांधाबांधावर संत्र्याची झाडं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला : विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या गाड्या हळूहळू बाहेर पडतात आणि खराब तेवढ्या उरतात. खराब गाडीला तिकडं 'लिंबू' म्हणतात. तीन नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. 2001 मध्ये अ‍ॅकरलॉफला नोबेल मिळालं. आमच्याकडं त्या लिंबाचं संत्रं झालं, एवढाच फरक.

पायरी अडीच : पोपडा

दोष कधी दिसावा हे आपल्या हातात नसतं. मे महिन्याच्या उन्हानं पत्रा तापतो, रात्री निवतो, परत तापतो, आणि खाली काही गडबड असेल तर ती वर यायला लागते. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराला आधी तीन फोड आले, मुगाएवढे. मी ते चिखलाचे शिंतोडे समजून नखानं खरवडले. मग एका सकाळी वॉशिंग सेंटरवर पोरानं पाण्याची गन त्या दारावर धरली आणि विड्याच्या पानाएवढा पोपडा सुटून त्याच्या गमबुटाजवळ पडला.

वाकून उचलला. वरून पांढरा, चकचकीत, लसणाच्या सालीसारखा वळलेला. पाठीला गुलाबीसर झाक असलेली पुट्टी, हाताला खडूसारखी लागणारी. आणि दारावर जिथून तो सुटला तिथं खालून निळा रंग. फिका नाही, चांगला ठसठशीत निळा, एसटी स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीसारखा. गाडीच्या आरसीवर रंगाचा रकाना असतो, त्यात लिहिलंय पांढरा. पोरगं म्हणालं, "काका, आतून निळी हाय तुमची गाडी." मी म्हटलं, "गन बंद कर."

गावातल्या पेंटरनं दार उघडलं, बिजागरीचे बोल्ट बघितले, त्यांच्यावर पान्याच्या खुणा दाखवल्या आणि निकाल दिला : "हे दार या गाडीचं नोय, भाऊ. भंगारातलं बसवलं." निळ्या दाराला घासपेपर नीट मारला नव्हता, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं नव्हतं, तो ओलावा रंगाखाली अडकला आणि उन्हात फुगला, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, "बारा हजार द्या, दोन दिवसांत वाळते. कोणाले समजनार नाही."

इथं नवशिका हमखास चुकतो. बारा हजार देतो, दार पांढरं होतं, आणि पुराव्यावर आपल्याच पैशानं रंग चढतो. तसं करू नये. पोपडा लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवावा, वर तारीख घालावी, पाकीट कपाटात ठेवून घरच्यांना सांगावं की हे फेकायचं नाही. दाराचे फोटो दिवसाउजेडी काढावेत. एका फोटोत नंबर प्लेट यावी, एकात मायक्रॉनचं यंत्र आकड्यासह. बाकी तीन दारांचेही आकडे घ्यावेत, नाहीतर समोरचा म्हणेल कंपनीचा रंगच जाड होता. माझ्या तीन दारांवर 110 ते 130 आले. चौथ्यावर 940. हे मोजमाप मोटारीचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून लेखी सही-शिक्क्यासह घ्यावं. पेंटरचं म्हणणं खरं असलं तरी तो ते बिडी ओढता ओढता सांगतो, आणि बिडी अर्जाला जोडता येत नाही.

पायरी तिसरी : फोन

विक्रेत्याला केलेले फोन चार ऋतूंतून जातात. पहिला : "काऊन टेन्शन घेता भाऊ, घेऊन या ना गाडी." दुसरा : "आमचा पोरगा बाहेरगावी गेला." तिसरा : "तुमी गाडी धुता कोठी? त्यायनंच खराब केली असन." चौथा : "जशी हाय तशी घेतली ना तुमी? सही हाय तुमची." पाचवा लागत नाही.

फोनवरचं सगळं त्याच दिवशी मेसेजमध्ये उतरवून त्यालाच पाठवावं : "आज सकाळी आपण म्हणालात की दार माझ्या धुण्यानं खराब झालं." उत्तर आलं तर पुरावा; नुसत्या निळ्या खुणा आल्या तरी पुरावा. पुढं या चॅटच्या प्रती जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत द्यावं. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून 65-ब असतं. 1 जुलै 2024 पासून तो आकडा बदलला.

पायरी चौथी : हप्तेवाले

माझ्या ओळखीतल्या एकानं इंटरनेटवर वाचून सल्ला दिला, की गाडी हप्त्यावर असेल तर फायनान्स कंपनीलाच धरा. हा सल्ला खरा आहे. फक्त तो विलायतेत खरा आहे. तिकडं हायर पर्चेसवर गाडी घेतली की कागदोपत्री मालक फायनान्स कंपनी असते, गाडी तीच तुम्हाला पुरवते, आणि 2015 च्या तिथल्या ग्राहक हक्क कायद्यानं गाडी ठीक नसेल तर तिलाच उत्तर द्यावं लागतं. पहिल्या तीस दिवसांत गाडी परत करून मोकळंही होता येतं.

आपल्याकडं बहुतेक गाड्या हायपोथिकेशनवर असतात. म्हणजे मालक आपण, गाडी तारण, आरसीवर एचपीची नोंद कंपनीची. कंपनीनं आपल्याला गाडी विकलेली नाही, पैसे विकलेत, आणि पैशाचा रंग काही उडालेला नाही. मी तरीही फोन केला. मराठीसाठी दोन दाबलं, पलीकडून हिंदी आली. मी दार, पुट्टी, निळा रंग असं सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, आपकी ईएमआय पाँच तारीख को है."

रागात हप्ता थांबवू नये. ही या मार्गदर्शिकेतली सगळ्यात कंटाळवाणी सूचना आहे आणि सगळ्यात महागडी चूकही तिथंच होते. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल खाली येतं, आणि फसवला गेलेला माणूस कागदावर थकबाकीदार होतो. हिशेबात घोळ असेल, दंडावर व्याज चढवलं असेल, तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पैसे लागत नाहीत. रंग मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. फायनान्स कंपनीला तक्रारीत सामनेवाले क्रमांक दोन म्हणून घालावं, म्हणजे निकाल तिलाही कळेल. तिच्याकडून काही मिळेल या आशेनं घालू नये. विक्रेता आणि कर्ज देणारा यांचं साटंलोटं दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी पाचवी : तक्रार कशाची आहे ते ठरवणे

नोटीस लिहायला मी बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं : "गाडीचा रंग गेला." माझा भाचा वाशिमला वकिली शिकतोय, तो शेजारी बसला होता. त्यानं ते खोडलं. नऊ वर्षांच्या गाडीचा रंग जाणारच, तुमचेही केस गेलेत, म्हणाला. रंग गेला असं लिहिलंत की समोरचा वकील ऊन, पाऊस आणि वॉशिंग सेंटर या तिघांना साक्षीला बोलावणार. मग त्यानं लिहिलं : "गाडीला अपघात झालेला असताना, दार बदललेलं असताना, ते रंगाखाली लपवून 'ओरिजिनल पेंट' असं सांगून विकली." भाच्याचं वय चोवीस. पण हे वाक्य बरोबर होतं. 'जशी आहे तशी' ही सही जे दिसलं त्याला लागू होते. जे मुद्दाम झाकलं ते मी पसंत कसं करणार? 1872 च्या करार कायद्याच्या कलम 17 मध्ये माहीत असलेली गोष्ट बुद्ध्या लपवणं हे कपटात मोडतं, आणि तेव्हा तर मोटारीही नव्हत्या.

भाच्यानं अमेरिकेतला एक खटला सांगितला तो मला फार आवडला, कारण त्यात खरोखरचा डॉक्टर आहे. अलाबामात डॉ. गोर यांनी 1990 मध्ये नवी कोरी बीएमडब्ल्यू 40,750 डॉलरला घेतली. नऊ महिने त्यांना काहीही दिसलं नाही. मग गाडी आणखी चमकवायला म्हणून एका दुकानात दिली, तिथल्या माणसाला शंका आली, आणि निघालं की गाडी विक्रीपूर्वीच परत रंगवलेली होती. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर कुणाला काही न सांगता गाडी नवी म्हणून विकायची, असं कंपनीचं धोरणच होतं. ज्यूरीनं नुकसानभरपाई दिली 4,000 डॉलर आणि दंड लावला 40 लाख डॉलर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो 20 लाखांवर आणला, 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तोही अति ठरवला, आणि परत फिरून तो 50,000 वर थांबला. रंगाची किंमत चार हजार होती, बाकी सगळं न सांगितल्याबद्दल.

मी लगेच भाच्याला विचारलं, आपल्याला किती? तो म्हणाला, "मामा, तुम्ही दाराचा फरक, झालेला त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. अलाबामा विसरा."

जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. एका ग्राहकाला 2011 चं मॉडेल म्हणून 2009 साली बनलेली आणि 622 किलोमीटर धावलेली गाडी देण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2021 मध्ये न्यायालयानं कंपनीला मोकळं केलं, डीलरची जबाबदारी कायम ठेवली. तेव्हा गाडी बनवणाऱ्या कंपनीला उगाच सामनेवाला करून खर्च वाढवू नये. ज्यानं गाडी दाखवली, बोलला आणि पैसे घेतले, त्याचा सदरा धरावा. त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही विचारावं. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना 1 एप्रिल 2023 पासून ते घ्यावं लागतं. नोटिशीत एवढा एक प्रश्न टाकल्यावर पाचवा फोन त्याच्याकडूनच आला. "भाऊ, आपसात करून टाकू ना," म्हणाला. मी म्हटलं, लिहून पाठवा. परत फोन बंद.

नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवावी. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तरी खिडकीवर "रजिष्टर करायचं हाय" म्हटलं की कळतं.

पायरी सहावी : अर्ज

ही सोपी आहे, भराभर सांगतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला वाशिमचा जिल्हा आयोग. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. हप्त्यावर घेतलेली वस्तूही कायद्यात बसते, जुनी वस्तूही बसते. गाडी घरच्या वापरासाठी घेतली हे स्पष्ट लिहावं, काळी-पिवळीसारखी चालवत असाल तर पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो असं लिहावं. तक्रार ऑनलाइन भरता येते. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघायला हरकत नाही. कधी कधी तेवढ्यानंही समोरचा जागा होतो. दर 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, त्याच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. "जागो ग्राहक जागो" असा फलक होता आणि चहा चांगला होता.

सामनेवाल्याला उत्तर द्यायला तीस दिवस, वर फार तर पंधरा. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. पेंटरही दोन दिवसांत वाळते म्हणाला होता, तेव्हा मी दिवस मोजत बसलेलो नाही.

पायरी सातवी : पुराव्यासोबत राहणे

तक्रार चालू असताना दार रंगवायचं नाही. निळा डाग आता पोळपाटाएवढा झाला आहे आणि मी दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोटो काढतो. गावाला सवय झाली. चौकात कुणी पत्ता विचारला तर "निळ्या दाराच्या गाडीपाशी उतरा" म्हणतात. साडू मात्र परवा म्हणाले की गाडी घेतानाच मला संशय आला होता.

एक शेवटची सूचना. दसऱ्याला गाडी पुजताना झेंडूचा हार बॉनेटवरच ठेवावा. आमच्या घरी यंदा तो लांब झाला, तेव्हा कुणीतरी नीट दिसावा म्हणून मागच्या दारावरून सोडला, आणि ऑक्टोबरच्या फोटोत पुराव्यावर सगळी फुलंच आलीत.